मार्गेटची उन्हाळी प्रदर्शने आणि आपल्या घरातल्या जुन्या वस्तू

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा विषय आरोग्याचाच असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर आम्ही या व्यासपीठावरून अनेक वर्षे बोलत आलो आहोत, आणि भाषण संपताच किती श्रोते गुलाबजामांकडे वळतात हेही पाहत आलो आहोत. म्हणून यंदा विषय बदलावा असे ठरविले. केंट परगण्यात मार्गेट नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील टर्नर कंटेम्पररी या कलादालनात उन्हाळ्याच्या दिवसांत जी प्रदर्शने भरली, त्यांत जुन्या कलाकृती आणि आजच्या कलावंतांच्या कृती शेजारी शेजारी मांडण्याची एक रीत दिसते. त्या रीतीविषयी, आणि तिचा आपल्या घरांशी काय संबंध पोहोचतो याविषयी, आज बोलावयाचे आहे.

वैद्यकीच्या माणसाने चित्रांच्या प्रांतात कशाला शिरावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आमच्याच व्यवसायात आहे. आम्ही शिकत होतो त्या काळी एक्स-रेच्या मोठ्या काळ्या फिल्मा असत आणि त्या व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे मागून दिवा लावलेल्या पांढऱ्या काचेवर, अडकवून पाहाव्या लागत. छातीच्या फिल्ममध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात एखादी पांढुरकी सावली दिसली, की आमचे प्राध्यापक रोगाचे नाव विचारीत नसत. जुनी फिल्म कुठे आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये तीच सावली, त्याच जागी, तेवढ्याच आकाराची असेल, तर तो बहुधा जुन्या क्षयाचा भरून आलेला व्रण. माणसाने निर्धास्त घरी जावे. जुन्या फिल्ममध्ये ती जागा स्वच्छ असेल, तर मात्र चिंतेचे कारण. नवी फिल्म दोन्ही वेळा तीच असते. शेजारी काय टांगले आहे त्यावर निदान फिरते. आणि जुनी फिल्म मिळालीच नाही, तर सुई घालून तुकडा काढणे आले, आणि निकाल येईपर्यंत अख्ख्या घराची झोप उडणे आले. आपल्याकडे लोक एक्स-रे गादीखाली किंवा कपाटाच्या मागे जपून ठेवीत. डॉक्टर त्यावर हसत, परंतु त्या सवयीने कित्येकांची ही यातायात वाचविली आहे.

आता मार्गेटकडे वळू. लंडनहून आगगाडीने सुमारे दीड तासाची वाट. कष्टकरी लंडनकरांचे हे जुने सुट्टीचे गाव. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याचे नाव निराळ्या कारणाने आहे. १७९१ साली डॉ. जॉन कोकली लेट्सम यांच्या पुढाकाराने येथे गोरगरिबांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालय स्थापन झाले. गंडमाळा, म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय, झालेल्या लंडनच्या रुग्णांना येथे पाठवीत. खारे पाणी आणि मोकळी हवा एवढाच उपचार होता. दुसरे काही हाती नव्हते. लेट्सम यांचा जन्म वेस्ट इंडीजमधील व्हर्जिन बेटांतला. वडिलांच्या मागे वारसाहक्काने जे गुलाम त्यांच्याकडे आले, त्यांना त्यांनी मुक्त केले. हे रुग्णालय १९९६ मध्ये बंद झाले आणि त्या इमारतीत आता राहती घरे आहेत. विषयाला सोडून हे थोडे झाले खरे, पण आपल्या व्यवसायातल्या अशा माणसाचे नाव घेण्याची संधी आम्ही सहसा सोडीत नाही.

कलादालन उघडले १६ एप्रिल २०११ रोजी. वास्तुरचनाकार डेव्हिड चिपरफील्ड. इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५–१८५१) लहानपणी या गावी शाळेत होता आणि उतारवयात मिसेस बूथ यांच्या घरी येऊन राहत असे. ते घर जेथे होते त्याच भागात ही इमारत उभी आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. या कलादालनाला स्वतःचा कायमचा संग्रह नाही. ठरावीक जागी पिढ्यान्पिढ्या टांगलेली चित्रे येथे नाहीत. प्रत्येक जुनी वस्तू कोणाकडून तरी मागून आणावी लागते, आणि मागून आणायची म्हटली की ती कशाला हवी, कशाशेजारी ठेवायची, याचा विचार आधी करावा लागतो.

एप्रिल ते सप्टेंबर २०११ या काळातील पहिल्याच प्रदर्शनात टर्नरचे एकच चित्र होते. वेस्ट इंडीजमधील सेंट व्हिन्सेंट बेटावर ३० एप्रिल १८१२ च्या रात्री सूफ्रिएर ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याचे ते चित्र, १८१५ मध्ये लोकांपुढे आलेले. टर्नरने ते बेट कधीही पाहिले नव्हते. ह्यू पेरी कीन नावाच्या गृहस्थाने काढलेल्या रेखाटनावरून त्याने ते रंगविले. हा कीन वकील होता आणि त्या बेटावर उसाच्या मळ्याचा मालक होता. मळा म्हटला की गुलाम आले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपविणारा कायदा १८३३ चा, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी झालेला. चित्रात आकाश पेटलेले आहे, पाणी चकाकते आहे. मळ्यावर राबणारा माणूस त्यात शोधून सापडत नाही. याच टर्नरने १८०५ मध्ये जमैकातील एका मळ्याच्या व्यवहारात १०० पौंडांचा हिस्सा घेतला होता, आणि याच टर्नरने १८४० मध्ये गुलामांना समुद्रात लोटणाऱ्या जहाजाचे ते भीषण चित्र रंगविले, जे आज अमेरिकेत बोस्टनला आहे. माणूस एकच. ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्यावाचून त्याचे निदान होत नाही.

त्या प्रदर्शनात ज्वालामुखीच्या सोबतीला आजच्या सहा कलावंतांच्या कृती होत्या. एलन हार्वे यांनी टर्नरच्या लंडनमधील खासगी चित्रदालनाची एक लहान प्रतिकृती लाकडी खोपटासारखी उभारली होती आणि आत चित्रांच्या जागी आरसे लावले होते. आरशांवर आजच्या मार्गेटची दृश्ये कोरलेली, आणि मागून दिवे. आमच्यासारख्याला तो व्ह्यू बॉक्सच वाटावा! पाहणाऱ्याचा चेहरा त्या कोरीव रेघांतून उमटे. टर्नरचे समुद्रकिनारे त्याच्या श्रीमंत आश्रयदात्यांच्या भिंतींवर गेले. येथे बंद पडलेली दुकाने आणि ओस किनारा यांच्यामध्ये आपलेच तोंड दिसे.

यापेक्षाही आम्हांला रुचले ते २०१३ च्या उन्हाळ्यातील 'क्युरिऑसिटी' हे प्रदर्शन, म्हणजे जिज्ञासेविषयीचे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील प्रसिद्ध वॉलरस त्यासाठी मार्गेटला आणला होता. बालमित्रांनो, वॉलरस हा बर्फाळ समुद्रातला मोठ्या सुळ्यांचा प्राणी. त्याच्या कातडीला जाड वळ्या असतात. एकोणिसाव्या शतकात ज्या कारागिरांनी या वॉलरसच्या कातड्यात पेंढा भरला, त्यांनी जिवंत वॉलरस कधी पाहिलाच नव्हता. वळ्या म्हणजे भरणे कमी पडले असे समजून ते भरीतच गेले. परिणामी तो फुग्यासारखा टम्म झाला आहे. आमच्या घरची मुले पोट धरून हसली.

त्याच प्रदर्शनात आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचे १५१५ चे गेंड्याचे चित्र होते. लाकडी ठशावरून छापलेले. त्या गेंड्याची कथा आपल्या मुलखातली आहे. गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, आणि जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात घालून त्याला लिस्बनला धाडण्यात आले. ड्यूररला त्याचे दर्शन झाले नाही. कोणा दुसऱ्याचे रेखाटन आणि पत्रातले वर्णन एवढ्यावर त्याने चिलखत घातल्यासारखा गेंडा काढला, आणि पाठीवर एक जादा शिंगही बसविले. पुढे दोन-अडीचशे वर्षे युरोपातील पुस्तकांत हाच गेंडा खरा म्हणून छापला जात होता. मूळ प्राणी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला; चित्र तरले.

हसून झाल्यावर विचार येतो. तो वॉलरस १८८६ साली लंडनमध्ये भरलेल्या वसाहतींच्या व हिंदुस्थानच्या मोठ्या प्रदर्शनात मांडलेला होता. त्याच प्रदर्शनात हिंदुस्थानातील कारागीरही लोकांना पाहण्यासाठी आणून बसविले होते, आणि त्यांतले बरेच जण आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते. तेव्हा न पाहता भरलेले आणि ऐकून रंगविलेले केवळ प्राणीच नव्हते. आपल्या समाजाविषयी वर्षानुवर्षे जे लिहिले गेले, जी चित्रे काढली गेली, ती कोणी काढली? विहिरीजवळ आपल्याला येऊ न देणाऱ्यांनी, किंवा छावणीच्या तंबूत बसून नाकाची मापे घेणाऱ्या साहेबांनी. नाकाच्या मापाचे उदाहरण मुद्दाम देतो. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उच्चनीचता वंशाशी जोडण्याचा उद्योग केला. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी ब्राह्मणांच्या नाकाची मापे आणि अस्पृश्यांच्या नाकाची मापे शेजारी शेजारी मांडली, आणि मापांच्याच आधारे दोघे एकाच वंशाचे ठरतात हे दाखवून दिले. शरीरशास्त्र शिकलेल्या माणसाला ते प्रकरण वाचताना विशेष आनंद होतो. त्यांनी मापे फेकून दिली नाहीत. दोन रकाने जवळ आणले, आणि जुन्या सिद्धान्ताला उत्तर देता येईना.

शेजारी ठेवण्याची सगळीच उदाहरणे अशी साधत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात याच कलादालनात वर्तुळ या आकारावर प्रदर्शन झाले. प्राचीन काळापासून आजपर्यंतच्या शंभराहून अधिक वस्तू, सगळ्यांत गोल आकार. डोळ्यांना सुखद, मुलांना मोजायला सोपे. परंतु एक गोल दुसऱ्या गोलाशेजारी ठेवल्याने दोघांना परस्परांना विचारण्यासारखे काही असतेच असे नाही. नुसत्या दिसण्याच्या साम्यावर निदान करू नये, असे आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकविले आहे, आणि कदाचित म्हणूनच आमचा हा अभिप्राय जरा कठोर असेल.

आता ज्या प्रदर्शनासाठी हा सगळा प्रपंच केला, त्याकडे येतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कलावंतांच्या कृतींचे 'वी विल वॉक' हे प्रदर्शन २०२० च्या फेब्रुवारीत उघडले. मार्चमध्ये महामारीमुळे दारे बंद झाली. ते दिवस आम्ही रुग्णालयात कसे काढले ते येथे सांगत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरातली माणसे तेव्हा गेली. उन्हाळ्यात दारे पुन्हा उघडली आणि प्रदर्शन सप्टेंबरपर्यंत चालले. थॉर्नटन डायल, लॉनी हॉली अशा कलावंतांनी भंगारातल्या पत्र्यांतून, मुळांतून, दोरखंडांतून घडविलेल्या कृती त्यात होत्या. नागरी हक्कांच्या चळवळीची छायाचित्रे होती. आणि अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्यातल्या गोधड्या होत्या.

होय, गोधड्याच. अलाबामा नदीच्या वळणात वसलेले हे खेडे. येथील माणसे कापसाच्या मळ्यावरील गुलामांचे वंशज. पेटवे हे मळेवाल्याचे आडनाव आजही गावातल्या कितीतरी कुटुंबांना चिकटलेले आहे. घरात वारा शिरू नये, पोरे गारठू नयेत, म्हणून बायका शेतात वापरून विटलेल्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवीत. ज्या जागी गुडघा टेकला गेला तेथे कापड फिकट, खिसा उसवला तेथे गडद चौकोन. पुढे मतदारनोंदणीसाठी ही माणसे नदीपलीकडच्या कॅमडेनला जाऊ लागली, तेव्हा १९६२ मध्ये तरीची सेवा बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. चव्वेचाळीस वर्षे! दरम्यान १९६६ मध्ये त्या परिसरातील बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली, आणि २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर त्याच गोधड्या चित्रांसारख्या टांगल्या गेल्या.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील निग्रो आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य नमूद केले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्या पत्रातला विचार कापडाच्या रूपाने पाहायचा असेल, तर ह्या गोधड्या पाहाव्यात. आमच्यासोबत आलेल्या एका मावशी तेथे बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी हात मागे बांधले होते, कारण हात लावायचा नाही अशी पाटी होती. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हिचा धावदोरा आमच्या मायसारखाच आहे, कडेकडेनं फिरत आत जाणारा." आम्हांला शिवणातले काही कळत नाही. परंतु उत्तर कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी लोक राहतात, ज्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणले होते. त्यांच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात, आणि त्याही कडेपासून आत शिवीत नेतात, असे आम्ही नंतर वाचले. मावशींची नजर आमच्या वाचनाच्या पुढे होती.

प्रश्न असा की, मावशींच्या मायची गोधडी कुठे आहे? त्यांनीच सांगितले. नागपूरहून येताना सामानात आणली होती. मुलाने घर बदलले तेव्हा ती जुन्या चादरींबरोबर गेली. मुलाला दोष नाही, त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

बंधुभगिनींनो, आमच्या व्यवसायामुळे आम्हांला अनेक घरांत जावे लागते, आणि शेवटच्या दिवसांतही जावे लागते. आई किंवा वडील गेले की महिन्याभरात घर रिकामे होते. आपली मुले कर्तबगार आहेत, कामाच्या गडबडीत आहेत. दिवाणखान्यातला टीव्ही कोणी घ्यायचा हे ठरते. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत काय आहे ते इंग्रजीत कोणी लिहून ठेवलेले नसते. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर नेसलेले पांढरे लुगडे, गिरणीचा पास, महार रेजिमेंटच्या गणवेशातला फोटो, वसतिगृहाच्या प्रवेशाचे पत्र, वडिलांनी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नेलेला डबा, ह्या साऱ्या आमच्या भाषेत जुन्या फिल्मा होत. त्या गेल्या की पुढच्या पिढीला आपल्या छातीतली सावली कशाची, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

काही जणांचे म्हणणे वेगळे आहे आणि ते आम्ही आदराने ऐकले आहे. एक बुजुर्ग आम्हांला म्हणाले, "आम्ही झाडू आणि मडके मागे टाकून आलो, ते पोरांच्या डोळ्यांपुढे पुन्हा कशाला आणता?" ह्या म्हणण्यात वेदना आहे. ते धुडकावून लावणे सोपे नाही. आमचे उत्तर एवढेच की, झाडू एकटा टांगला तर पाहणारा दया करील किंवा नाक मुरडील. त्याच्याशेजारी नातीने केलेली कृती ठेवली, मग ते चित्र असो, संगणकावर केलेला आराखडा असो, अथवा तिच्या प्रयोगशाळेतले छायाचित्र असो, की पाहणाऱ्याला विचारावे लागते: या दोहोंच्या मधल्या पन्नास-साठ वर्षांत कोणी काय केले? आणि नुसती नातीची कृती टांगली, तर तिची हुशारी आकाशातून पडली असे वाटते. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींना तसेच वाटत असते. तिलाही वाटू लागते.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही सूचना ठेवली आणि ती मान्य झाली आहे. येत्या उन्हाळी शिबिरात सभागृहाच्या एका भिंतीला लागून टेबले मांडावयाची. प्रत्येक कुटुंबाने एक जुनी वस्तू आणावी आणि तिच्याशेजारी घरातल्या मुलाने किंवा मुलीने त्या वस्तूला उद्देशून केलेली एक नवी कृती. उद्देशून, हा शब्द महत्त्वाचा आहे. गोलाशेजारी गोल नको. लुगडे आणले तर मुलाने आजीला आधी विचारावे की ते कुठून विकत घेतले, किती पैसे पडले, कोणाबरोबर नागपूरला गेली, रात्री कुठे झोपली. मग जे सुचेल ते करावे. वाईट झाले तरी चालेल. मार्गेटमध्येही सगळे चांगले नव्हते.

वस्तूजवळच्या चिठ्ठीवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहावे. ज्या व्यक्तीने ती वस्तू केली किंवा वापरली, तिचे पूर्ण नाव पहिल्या ओळीत असावे, गाव दुसऱ्या ओळीत. नाव आठवत नसेल तर भारतात फोन करून विचारावे, आणि तो फोन या आठवड्यात करावा, कारण सांगणारी माणसे नव्वदीकडे झुकली आहेत. वस्तू परत न्यावयाची आहे, मंडळ ती ठेवून घेणार नाही. कापडाच्या वस्तूंना टाचण्या लावू नयेत आणि उन्हात ठेवू नयेत, हे शिबिराच्या स्वयंसेवकांनी पाहावे. गोधडी आणणाऱ्यांनी ती धुऊन आणण्याची गरज नाही. धुतली तर बाईच्या हाताचे जुने टाके उसवतात, असे मावशींनी बजावले आहे.

कुटुंबांची नावे लिहून घेण्यासाठी वही दाराशी, चहाच्या टेबलाजवळ ठेवलेली आहे. जय भीम.